चावी मी हरवली म्हणे

घोडेगावच्या फाट्यावर, गावाची हद्द मागे पडल्यावर, नानांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि इकडेतिकडे बघत माझ्या हातात कोंबलं. हाताला लागलं तेव्हा कळलं, कुलूप आहे. नाना म्हणजे माझे वडील. आणि चोरट्यासारखं इकडेतिकडे बघायचं कारण असं, की आम्ही शिंगणापूरचे. आमच्याकडे घराला चौकट असते, दार नसतं. दार नाही म्हणून कडी नाही, कडी नाही म्हणून कुलूप नाही. चोरी करणाऱ्याला शनिदेव बघून घेतो, ही गावाची श्रद्धा. रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून चौकटीत एक फळी आडवी लावायची, की झालं. कुलूप घरात आणायचं म्हणजे देवावर संशय घेण्यासारखं. म्हणून नानांनी ते घोडेगावच्या बाजारात विकत घेतलं, तिथल्याच एका ओळखीच्या चहावाल्याकडे ठेवलं, आणि मी पुण्याच्या एसटीत बसायला निघाले तेव्हा त्याच्याकडून आणून मला दिलं. मी बावीस वर्षांची होते. कुलूप हातात धरायची ती पहिलीच वेळ.

गाडीत बसल्यावर आईनं खिडकीतून हात घालून माझी पिशवी चाचपली. सर्टिफिकिटं, भाकरी, पाण्याची बाटली. "ध्यान ठिव गं बाई. ध्यान कुटं आसतंय तुजं कुनास ठाव." हे वाक्य मी कळायला लागल्यापासून रोज ऐकत होते, त्यामुळे निरोपाचं म्हणून वेगळं काही वाटलं नाही. माझा धाकटा भाऊ संजय मोटारसायकलवर बसूनच ओरडला, "पुन्याला जायचंय, नगरलाच उतरू नको!" फाट्यावरचे चार ओळखीचे लोक हसले. नाना हसले नाहीत. ते शर्टाचे खिसे चाचपत उभे होते. ते कायमच कुठला ना कुठला खिसा चाचपत असायचे, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी हडपसरला, तीन मुलींच्या खोलीत माझ्या कॉटवर बसून मी वर्तमानपत्र सोडलं. कुलूप होतं, चावी नव्हती. पिशवी उलटी केली, भाकरीचं फडकं झटकलं, सर्टिफिकिटांचं पान न् पान चाळलं. शेवटी संजयच्या मोबाईलवर फोन लावला. आईनं फोन घेतला आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली, "पाडली बसमधी! शिरूरच्या आत पाडली आसंल!" शिरूरच का, ते तिलाच ठाऊक. पण मी मान्य केलं. माझा लौकिकच तसा होता. मी महिनाभर ती चावी शोधली, कपड्यांच्या शिवणींमध्येसुद्धा.

तेव्हापासून सतरा वर्षं ही गोष्ट आमच्या घरी सांगितली जाते. संजयच्या लग्नात सांगितली, त्याच्या मुलीच्या बारशाला सांगितली, दिवाळीत तर फराळाबरोबर येतेच. "रंजीनं पुन्याला जाताना शिरूरच्या आत चावी घालवली." पाहुणे पोट धरधरून हसतात. मीही हसायचे. आता हसत नाही. का नाही, तेच सांगायला बसले आहे.

गावातून बाहेर पडलेल्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कोणी पुण्यात, कोणी संभाजीनगरला, कोणी सुरतेत, एक दुबईला. गेल्या महिन्यात दुबईवाल्यानं लिहिलं, की दार नसलेलं आपलं घर किती मोकळं होतं, इथे पंधराव्या मजल्यावर दार बंद करून बसलो की गुदमरतं. त्याखाली बदाम, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी आलेले पिवळे गोळे, सगळं पडलं. मी काहीच टाकलं नाही, मला संताप आला होता. बाबांनो, ज्यांना गळा काढायचा त्यांनी खुशाल काढा. पण दार नसलेल्या घरात वेंधळी म्हणून वाढणं काय असतं, ते तुमच्यातल्या एकालाही माहीत नाही, कारण तुम्ही सगळे तेव्हा बाहेर उभे राहून ऐकत होता.

आमचं घर रस्त्याला लागून, पुढे पत्र्याच्या छपरीत रसवंती. लाकडी घाणा, त्याला जुंपलेला बैल, नाना ऊस सारायला, आई गाळायला, आणि मी ग्लास भरून द्यायला. भाविकांच्या गाड्या थांबायच्या. घरात दूध उतू गेलं, की आई तिथूनच सुरू व्हायची, आणि गुजरातची गाडी, नाशिकची गाडी, शेजारची नारळवाली, सगळे ऐकायचे. शिव्या खायलासुद्धा माणसाला दार लागतं. आमच्याकडे ती सोय नव्हती. "आगं भिंगरे, लिंबू कुनी पिळायचं? ध्यान कुटंय?" आणि रस पिणारे लोक ग्लासावरून माझ्याकडे बघायचे. एका बाईनं तर एकदा आईला उपाय सांगितला होता, शनिवारी मुलीवरून उडीद उतरवा म्हणून. आईनं उतरवले. टाकायला नेताना मी त्यातलेही निम्मे वाटेत पाडले.

खोटं कशाला बोलू, माझं ध्यान खरंच नसायचं. गणिताचं उदाहरण अर्ध्यात सोडून मी खिडकीबाहेरच्या सरड्याच्या मागे जायची. चप्पल एका पायात घालून शाळेत गेलेली मुलगी मीच. दहावीच्या परीक्षेला हॉल तिकीट घरी विसरले आणि संजय ते घेऊन धावत आला, तेही खरं. गुरुजी दरवर्षी प्रगतिपुस्तकात एकच शेरा लिहायचे: हुशार आहे, लक्ष देत नाही. मी लक्ष देत नव्हते असं नाही हो. लक्ष माझं ऐकत नव्हतं. पण हे सांगायला तेव्हा माझ्याकडे शब्द नव्हता, आणि असता तरी उसाच्या कांडक्यानं त्याचं उत्तर मिळालं असतं.

काही गोष्टी मात्र मला कधीच आठवायच्या नाहीत. शनी अमावास्येच्या गर्दीत आमचा बैल सुटून गाड्यांच्या रांगेत शिरला होता. मी त्याला सोडल्याचं मला काही केल्या आठवेना. आई म्हणाली, तूच सोडलास. पाच जणांसमोर म्हणाली. मग मीच सोडला असणार. पाण्याची मोटर दिवसभर चालू राहून जळाली, तेही माझ्याच नावावर. ज्याची आठवण फाटकी, त्याच्या पदरात कोणीही काहीही टाकावं, आणि त्यानं ते आपलंच समजून घरी न्यावं, असं चाललं होतं.

पुण्यात आले आणि दारांशी गाठ पडली. पहिले कितीतरी महिने मी खोलीतून निघायची ती नुसती निघायची. दार ओढून घ्यायचं हे हाताच्या सवयीतच नव्हतं, आणि आठवण करून देणारं डोकं तर मुळातच गैरहजर. एका मुलीचा मोबाईल गेला. मी तिला अगदी मनापासून म्हणाले, "घाबरू नकोस, नेणाऱ्याला पचणार नाही." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की ते डोळे अजून आठवतात. आठवड्याच्या आत मला दुसरी खोली बघावी लागली. त्या हलवाहलवीत की पुढच्या, पण नानांनी दिलेलं ते बिनचावीचं कुलूपही माझ्याकडून गेलं.

मग खोल्या बदलत गेल्या. चावी बाहेरच्या बाजूनं कुलपातच राहायची, आणि वॉचमन ती आणून द्यायचा. चावी आत राहायची आणि मी बाहेर. नोकरी मात्र टिकली, कारण नशिबानं काम तसं मिळालं. मी दातांच्या लॅबमध्ये आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात, आम्ही त्यावरून दात घडवतो. मेणाचा एवढासा दात कोरायला बसले, की मला भूक लागत नाही, फोन ऐकू येत नाही, चार तास कुठे जातात कळत नाही. तिथे माझ्यासारखं ध्यान कोणाचंच नाही. मालक म्हणतात, रंजनाचा दात डॉक्टर परत पाठवत नाहीत. तोच मालक कोणत्या डॉक्टरला कोणता डबा पाठवायचा त्या यादीजवळ मला फिरकू देत नाही. दोन्ही बरोबर आहे.

गेल्या वर्षी मात्र अती झालं. सकाळी गॅसवर दूध ठेवलं, काहीतरी शोधायला आत गेले, तिथून आंघोळीला, तिथून थेट कामावर. दूध जळलं, धूर झाला, आणि दार, अर्थातच, सताड उघडं होतं. त्यामुळे शेजारच्यांना आत शिरून गॅस बंद करता आला, हे त्यातल्या त्यात बरं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली, माझ्या फ्लॅटच्या नंबरासकट: निष्काळजी भाडेकरूंमुळे इतरांच्या जिवास धोका. लिफ्टसाठी थांबलेले लोक ती वाचायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. रसवंतीवरचे तेच डोळे. घरमालकीण म्हणाली, महिन्याभरात दुसरं बघ.

लॅबमध्ये माझ्या शेजारी फरीदा बसते. भिंगारची, म्हणजे आमच्या नगरचीच. तिच्या मुलाला शाळेनं डॉक्टरकडे पाठवलं होतं, त्याचे कागद ती जेवणाच्या सुट्टीत वाचत होती. वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "रंजना, हे तर मी तुझंच वाचतेय. पोराला एडीएचडी हाय म्हनतात, म्हंजे ध्यान एका जागी टिकत न्हाई. मोठ्या माणसांनाबी असतंय म्हनं. जा ना एकदा."

महिनाभर मी जायचं विसरले. हे विनोदानं लिहीत नाही. शेवटी फरीदानंच नंबर लावला आणि मला रिक्षात घातलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी तासभर विचारलं आणि एकदाही कपाळाला आठी घातली नाही. मग म्हणाल्या, बरंच जुळतंय, पण मोठेपणी निदान करताना हे लहानपणापासून होतं का, ते नीट बघावं लागतं. प्रगतिपुस्तकं असतील तर आणा. (ती मी केव्हाच हरवली होती, हे सांगायला नको.) आणि घरातल्या मोठ्या माणसाकडून हा फॉर्म भरून आणा. तीन पानांचा फॉर्म. काम अर्धवट सोडते का, वस्तू हरवते का, बोलणं मध्येच तोडते का, एका जागी बसते का. मी तो वाचून मोठ्यानं हसले. म्हटलं, डॉक्टर, आमच्या घरी याच्यावर कीर्तन होतं. हे कागद तर पाच मिनिटांत भरून येतील.

गाडीतून घोडेगावला उतरेपर्यंत मला चक्क आनंद झाला होता. ज्या गोष्टींवरून अख्खं बालपण हाग्या मार खाल्ला, त्यांना नाव मिळणार होतं. मला औषध हवं होतं, हो. पण त्याहून जास्त मला हे हवं होतं, की ज्यांनी पाहिलं त्यांनी एकदा कागदावर म्हणावं, हो, आम्ही पाहिलं, पोरगी मुद्दाम करत नव्हती.

रसवंती अजून आहे, बैलही आहे. दुपारचे चार-सहा भाविक बाकावर बसलेले. आई ग्लास विसळत होती, नाना घाण्याशी, संजय मोबाईल घेऊन खुर्चीत. मी आईला सगळं समजावलं, मग फॉर्म वाचायला घेतला.

"हातातलं काम अर्धवट सोडून दुसरीकडे जायची का?"

"न्हाई," आई म्हणाली.

मला वाटलं, तिला ऐकू आलं नसेल. पुन्हा वाचलं.

"न्हाई म्हनलं ना. शांत हुती. लई गुनाची."

"वस्तू हरवायची का?"

"न्हाई बाई. लई जपून वागायची."

"आई," मी म्हटलं, "शिरूरच्या आत काय हरवलं मी?"

"ती चेष्टा झाली. चेष्टा काय कागदावर लिव्हत्यात व्हय?"

संजयनं मान वर केली. "ताई, कागदावर आलं की ते ऱ्हातंय. उद्या पिंकीची सोयरीक जमवायची झाली, अन् आत्याला डोक्याचा डाक्टर हाय म्हनल्यावर?" पिंकी, त्याची मुलगी, सातवीत आहे. सातवीतल्या मुलीच्या सोयरिकीसाठी माझं लहानपण पुसायचं चाललं होतं. चार गावांच्या पाहुण्यांपुढे मला येडी म्हणताना यांची जीभ कधी अडखळली नाही. ती दवाखान्याच्या कागदापुढे आल्यावर अडखळली.

मी हट्टानं पुढचा प्रश्न वाचला. "सांगितलेली गोष्ट लगेच विसरायची का?"

"न्हाई," आई.

"व्हय," नाना.

मी वळून बघितलं. ते घाण्यात ऊस सारत होते, नजर उसावर. पुढचा वाचला. समोरचा बोलत असताना मन भलतीकडे जायचं का? आई म्हणाली न्हाई, नाना म्हणाले व्हय. एका जागी बसणं जड जायचं का? व्हय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. निदान एक तरी साक्षीदार निघाला. पेन काढून म्हटलं, "नाना, इकडे बसा, सावकाश सांगा. मी लहानपणी कशी होते ते सगळं लिहून घेते."

"तुजं मला कुटं आठवतंय," नाना म्हणाले. "मी माजं सांगतोय."

बैल फिरत होता. नानांनी घाण्यात आणखी एक ऊस सारला.

"वस्तूचं इचारलंस ना मगाशी? व्हय. चावी माज्याच खिशात हुती. दुकानात लावून बघितली, आन् खिशात टाकली. फाट्यावर घावली, तवर एसटी निघून गेल्ती."

"तुमी गप बसा," आई म्हणाली.

"बैलबी मीच सोडला हुता. पानी पाजायला सोडला अन् इसरलो. मोटरबी."

"गप बसा म्हनलं ना!"

मग मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्या छपरीत मी ओरडले आणि आईनं ऐकलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण आता निदान मीच बोलले एवढं नक्की आहे. मी म्हटलं, सतरा वर्षं तुम्ही लोकांना माझ्यावर हसवलंत. बारशात, लग्नात. मी शिवणी उसवून चावी शोधली, आणि ती कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत, आणि वर फराळाच्या ताटात वाढलीत. बाकावरचे भाविक ग्लास तोंडाला लावायचे थांबले होते. बसू दे ऐकत, म्हटलं. माझ्या वेळेला ऐकत होतेच की.

आई उठली. आत गेली. दार नाही, त्यामुळे दिसत होतं: तिनं पत्र्याची ट्रंक उघडली, तळातून जुन्या लुगड्याचं गाठोडं काढलं, दातांनी गाठ सोडली. बाहेर येऊन माझ्यासमोर ग्लासांच्या शेजारी ती चावी टाकली. दोन होत्या, बारीक तारेत ओवलेल्या, दुकानातून आणल्या तशाच. कुलूप नसलेल्या घरात, कुलूप नसलेल्या गावात, सतरा वर्षं चावी सांभाळून ठेवली होती. हे तिलाच जमावं.

"मग काय करायचं हुतं मी?" ती म्हणाली. ओरडली नाही, तेच मला जास्त लागलं. "ह्यांचं चवाट्यावर आलं आसतं, तर ह्यांच्या भावांनी रान ठेवलं आसतं का हातात? ज्याला मोटर बंद करायचं ध्यान न्हाई, त्याला वाटनी कशापायी, म्हनले आसते. एकाचं झाकायचं तर दुसऱ्याच्या नावावर घालावं लागतं. तू जानारच हुतीस. लेकीची जात. तुज्यासंगं ते बी गेलं आसतं, असं वाटलं."

हे वाक्य मी पुण्याला घेऊन आले. ग्रुपवरच्या बाकीच्यांनो, तुम्ही येताना काय काय आणलंत? कोणी मसाला आणला, कोणी देवाचा फोटो. मी येताना घरातल्या सगळ्या चुका घेऊन आले होते, आणि मला कोणी सांगितलंही नव्हतं. पोरगी जाणारच आहे, तर तिच्याबरोबर घरातलं खरकटं पण जाऊ दे. चाळीस वर्षं ती बाई एका माणसाची आठवण होऊन जगली. त्याचं बाजाराचं, पाण्याच्या पाळीचं, औषधाचं, सगळं तिच्या डोक्यात. मला तिची कीव येते. राग मात्र जात नाही, आणि तो घालवायची मला घाईही नाही.

फॉर्म शेवटी नानांनीच भरला. माझंही भरलं, आठवेल तेवढं. तीन पानांपैकी एका पानावर सही करायची मात्र ते विसरले. डॉक्टरबाईंनी ते पान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, हे घराण्यात चालत येतं बरेचदा. त्यांनी निदान लिहिलं. औषध सुरू झालं.

ज्यांना वाटतंय की आता ही सुधारली, त्यांच्यासाठी सांगते. गोळीनं जादू होत नाही. डोक्यात एकाच वेळी वाजणारे दहा रेडिओ तिनं हळू केले, बंद नाही केले. आता वाक्य सुरू केलं तर बहुतेक वेळा त्याचा शेवट मलाच सापडतो. बाकी फोनमध्ये रिमाइंडर, गॅसला टायमर, दाराशी पांढऱ्या बोर्डावर चार शब्द. फुरसुंगीला नवीन फ्लॅट घेतला भाड्यानं, त्याच्या मालकीणबाईंना आधीच सगळं सांगितलं, आणि दाराला नंबरचं लॉक बसवून घेतलं. ते आपोआप लागतं. मी बाहेर पडले की मागे खट् असा आवाज येतो. दुबईच्या भाऊ, तुम्हाला त्या आवाजानं गुदमरत असेल. मला त्यानं झोप लागते. दाराआड काल भाजी करपली, आणि जगात कोणालाही कळलं नाही. मी खिडकी उघडली, कढई घासली, ब्रेड खाल्ला. केवढं सुख होतं ते, तुम्हाला नाही कळायचं.

तीन आठवड्यांपूर्वी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, पाऊस, ऊस, गुडघा. मग म्हणाली, "ती तुजी डाक्टरीन म्हाताऱ्या मानसाला बघती का?"

मी आधी गॅस बंद केला. मग म्हटलं, बघतात. घेऊन ये. पण आधी पाहुण्यांना सांग, की चावी कोणाच्या खिशात होती.

"बघू," आई म्हणाली.

आमच्याकडे बघू म्हणजे नाही. म्हणून मीच सांगते आहे, इथे, आणि हेच ग्रुपवरही टाकते आहे, म्हणजे सगळ्यांना एकदमच कळेल, जसं आमच्या घरातलं सगळं सगळ्यांना कळायचं. दिवाळीत कोणी ती गोष्ट काढली, तर ती नीट सांगायची. मी तिथे नसले तरी.

नानांचा नंबर मंगळवारचा लागला आहे. मी तीन अलार्म लावलेत, एक त्यांच्यासाठी, एक माझ्यासाठी, आणि एक आम्ही दोघंही विसरलो तर फरीदाच्या फोनवर. आईही येणार आहे. ती माझ्याकडेच उतरेल, कारण दुसरीकडे कुठे उतरणार. दाराचा नंबर मी तिला अजून सांगितलेला नाही. बेल वाजवावी लागेल तिला. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या दाराबाहेर उभी राहील, आणि मी उघडेपर्यंत थांबेल.

त्या दोन चाव्या मी दाराजवळच्या खिळ्याला अडकवल्या आहेत. त्यांनी काही उघडत नाही. फरीदा विचारते, फेकत का नाहीस. घर कशाला म्हणतात, ते मला त्यांच्यामुळे कळलं. जिथे माझ्या नावावर फक्त माझ्याच चुका लागतात, ते माझं घर. शिंगणापूर ते नव्हतं, हे मी रडत सांगत नाही, नुसतं सांगते.

चावी मी हरवली नव्हती. कुलूप मात्र मीच हरवलं. तेवढं लिहा माझ्या नावावर.